एकटीचं रोम

यामिनी आगाशेने रोमला एक दिवस एकटीने फिरायचं जाहीर केलं, तेव्हा तिचा नवरा श्रीराम डिशवॉशरमध्ये भांडी लावत होता. भांडी कुठल्या क्रमाने लावायची याचं त्याने स्वतःचं एक शास्त्र बनवलं होतं आणि त्या शास्त्रात यामिनीला ढवळाढवळ करायची परवानगी नव्हती. हातातली कढई तशीच धरून तो वळला.

"एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे एकटी. तिथलं ऑफिसचं ट्रेनिंग शुक्रवारी संपतंय. फ्लाइट रविवारची. मधला शनिवार अख्खा माझा."

"अगं, तू मागच्या महिन्यात एडिसनहून शेजारच्या आयसेलिनला जाताना चुकून टर्नपाइक हायवेला लागलीस! पुढच्या राज्याची, डेलावेअरची पाटी दिसली तेव्हा मला फोन केलास!"

"एक्झिट बंद होती."

"एक्झिट उघडी होती. तू गाणी ऐकत होतीस."

सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या अनिकाने लॅपटॉपवरून नजर न उचलता निकाल दिला, "मॉम, यू गेट लॉस्ट इन द मॉल."

यामिनीने ते मनावर घेतलं. लग्नाआधी ती आईवडिलांच्या घरी होती, मग होस्टेलवर तीन मैत्रिणींच्यात, मग श्रीरामबरोबर न्यू जर्सीत. संपूर्ण एकटी अशी ती शेवटची होती ती एमआरआयच्या नळकांड्यात, आणि तिथेही श्रीराम बाहेरून "हलू नकोस" असं सांगत होता.

पुढच्या पॉटलकपर्यंत, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणापर्यंत, ही बातमी तिथल्या मराठी मंडळात पोचली. मंडळातली माणसं देश बघत नसत, देश 'करत' असत. स्वित्झर्लंड केलं, फ्रान्स केलं, येत्या समरला ग्रीस करायचंय. जणू काही धुणी-भांडीच. त्यामुळे मंडळातली विनीता पावभाजीची प्लेट सावरत म्हणाली, "रोम? आम्ही रोम अर्ध्या दिवसात केलं. लंच धरून."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. पर्स पोटाशी धर. पासपोर्ट मोज्यात ठेव. कुणी गुलाब दिला तर घेऊ नकोस. ठेपले ने. एकाने तर 'तिकडे बसमध्ये मांजर घेऊन चढणाऱ्या बाईपासून सावध' असंही सांगितलं, त्याचं कारण मात्र त्यालाच आठवेना. ऐकता ऐकता यामिनीचं डोकं फिरलं आणि हातातला डाव भाताच्या पातेल्यात आपटून ती म्हणाली, "बस नाही, गाईड नाही, ग्रुप नाही! आणि डाळ-भात तर नाहीच नाही!"

मराठी माणूस कोर्टात दिलेला जबाब फिरवील, पण पॉटलकमध्ये बोललेला शब्द फिरवायची सोय नसते. तिथे हजर असलेला प्रत्येक जण तो पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतो.

शनिवारी सकाळी यामिनी रोममधल्या हॉटेलातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या चालण्यात एक नवीच ऐट होती. कोपऱ्यावरच्या दुकानात इतर लोकांसारखी उभ्याउभ्या कॉफी प्यायली. ती कॉफी औषधाच्या टोपणाएवढी होती आणि औषधाइतकीच कडू होती, पण "कशी आहे?" असं विचारायला शेजारी कुणी नसल्यामुळे तिला ती फार आवडली. एका गल्लीत शिरली, दुसरीतून बाहेर पडली. एका कारंज्याच्या काठावर नुसती बसून राहिली. कुणी घड्याळ दाखवलं नाही.

मग आभाळ भरून आलं आणि बघता बघता असा काही पाऊस कोसळला की हातातल्या नकाशाचा लगदा झाला. जिथे हॉटेल होतं तो भाग नेमका तिच्या अंगठ्याखाली विरघळला. समोर जाड जाड दगडी खांबांचं एक जुनं देऊळ दिसलं, त्याच्या ओसरीत ती धावत शिरली. तिथे आधीच गर्दी होती, आणि त्या गर्दीतून आवाज आला:

"मंडळी, खाली बघून चाला, दगड निसरडा आहे! हे बांधकाम दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि पलीकडे टॉयलेट आहे, त्याला सुटे पैसे लागतात!"

पासष्ट-सत्तरीतले वीस-पंचवीस काका-काकू, पांढरे बूट, कमरेला पाऊच. आणि मधोमध गळ्यात शिट्टी, हातात भगवी छत्री घेतलेला एक घामेजलेला माणूस. एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या एका टूर कंपनीची ही सहल होती. न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना युरोप दाखवून, म्हणजे करवून, परत आणणारी. टूर मॅनेजरचं नाव राजाराम. मंडळी आदल्या दिवशीच नेवार्कहून आली होती आणि अजून कुणाची कुणाशी नीट तोंडओळखही झाली नव्हती.

यामिनीने स्वतःला बजावलं, पाऊस थांबेपर्यंतच. तेवढ्यात फुकट माहिती कानावर पडली तर काय वाईट? तेवढ्यात राजाराम पिवळे प्लॅस्टिकचे रेनकोट वाटत तिच्यापर्यंत आला आणि एक तिच्याही हातात कोंबला. इथे यामिनीचं चुकलं. तिने 'नको' म्हणायला हवं होतं. पण रेनकोट कोरा होता, पाऊस खरा होता आणि वस्तू फुकट होती. तिने तो डोक्यावरून ओढला आणि त्या क्षणी ती, बाकीच्या पिवळ्या गाठोड्यांसारखीच, एक पिवळं गाठोडं झाली.

शिट्टी वाजली. गाठोडी हलली. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं, आणि यामिनी पावसातून थेट एका बसच्या पायऱ्यांवर जाऊन पोचली.

"अहो, ऐका ना, मी तुमच्या ग्रुपमधली नाही," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असं वाटतं," राजाराम म्हणाला, तिच्या डोक्यावर बोट ठेवून त्याने पुढचा आकडा उच्चारला, आणि समाधानाने ओरडला, "भरले! चला!"

दार फुस्सकन बंद झालं. बस सुटली. यामिनी वाटेतच उभी राहिली, तर खिडकीकडच्या एका काकूंनी तिचा हात धरून तिला शेजारी खाली ओढलं.

"शूऽऽ. इथे बस. नीलांबरीच्या जागेवर."

"कोण नीलांबरी?"

"आत्तापुरती तू," काकू कुजबुजल्या. त्यांचं नाव प्रतिमा. "माझी रूम पार्टनर आहे. देवळापाशी बसमधून उतरलो ना, तेव्हाच, पाऊस यायच्या आधी सटकली. म्हणाली, प्रतिमा, एक दिवस मला माझ्या पायांनी चालू दे, संध्याकाळी हॉटेलात येते. मी म्हटलं, मोजणीत कमी भरलीस तर? म्हणाली, देव करील काहीतरी. आणि देवाने तुला केलं!"

"अहो काकू, पण मला उतरायचंय! मी मुद्दाम एकटी फिरायला आलेय!"

"ती पण त्याचसाठी गेली आहे गं. तू उतरलीस तर राजाराम आधी पोलिसांना फोन करील आणि मग तिच्या मुलाला. मागल्या वर्षी म्हणे स्वित्झर्लंडात लुसर्नला एक गृहस्थ हरवले होते, तेव्हापासून त्याला माणूस कमी दिसला की घाम फुटतो. आणि तो मुलगा! मोरेश्वर! त्याला कळलं तर जर्सी सिटीतल्या अठराव्या मजल्यावरून तो तिला परत कधी खाली उतरू देणार नाही."

यामिनी नको म्हणणार होती. पण काकूंनी तिच्या मांडीवर चिवड्याची पिशवी ठेवली. बस उबदार होती आणि बूट ओले होते.

"पुढच्या स्टॉपला उतरीन," ती चिवडा खात म्हणाली.

पुढचा स्टॉप यायच्या आत राजारामचा मोबाईल वाजला. त्याने तो पुढच्या रांगेत दिला. "नीलांबरीकाकूंना द्या हो मागे, त्यांच्या मुलाचा आहे!" प्रतिमाकाकूंनी हात वर केला, आणि फोन हातोहाती, प्रसादाच्या वाटीसारखा, यामिनीपर्यंत आला. तिने प्रतिमाकाकूंकडे पाहिलं. प्रतिमाकाकूंनी हात जोडले.

"आई! गोळी घेतलीस?"

यामिनीने घसा खाकरला. "घेतली."

"आवाज असा काय येतोय?"

"पावसात भिजले रे."

"भिजलीस? आई, मी सांगितलं होतं ना, गरज नसेल तिथे बसमधून उतरायचंच नाही! मी इथे पहाटे उठून वेदर चेक करतोय आणि तू भिजतेस! पाणी बाटलीतलंच पी. रस्त्यावर कुणाशी बोलू नकोस. आणि स्वतःहून एक पाऊलही कुठे टाकू नकोस. तुला रस्ते कळत नाहीत, तू हरवशील."

इथपर्यंत यामिनी मोरेश्वरची आई नव्हती. शेवटच्या वाक्याला ती आई झाली.

"मोरू म्हण," प्रतिमाकाकूंनी पढवलं.

"मोरू," यामिनी म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून मी रस्ते ओलांडतेय. तुला शाळेत कोण सोडत होतं? हरवले का मी एकदा तरी? माझ्यावर नजर ठेवायला पहाटे उठतोस, त्यापेक्षा उठलायस तर चहा कर आणि बायकोला नेऊन दे. आणि उद्या फोन करू नकोस. मला वाटलं तर मीच करीन."

पलीकडे भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग एकदम शाळकरी आवाजात उत्तर आलं, "बरं, आई."

आसपासच्या सीटांवरून टाळ्या पडल्या. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मान वळवली. ते स्वतःला बाळकाका म्हणवत. "वा! अशी पाहिजे आई! मुलगा काय वयाचा?"

"चाळीस," यामिनी म्हणाली. ती स्वतः चव्वेचाळीसची होती.

बाळकाकांनी तिला नीट न्याहाळलं. "तुम्ही प्रकृती छान राखली आहे हो," ते आदराने म्हणाले.

कोलोझियमपाशी बस थांबली. पाऊसही थांबला होता. "उतरा, फोटो काढा, चढा!" राजारामने आज्ञा दिली. यामिनीने ठरवलं, आता निसटायचं. ती चार पावलं गेली असेल नसेल, तोच बाळकाकांनी तिच्या हातात कॅमेरा दिला. त्यांना कोलोझियम तळहातावर धरल्यासारखा फोटो हवा होता. तो साधेना. कधी कोलोझियम कोपरावर यायचं, कधी कानावर. शेवटी एकदाचं ते तळहातावर बसलं आणि बाळकाकांनी तो फोटो सर्वांना दाखवला. मग सगळ्यांनाच कोलोझियम तळहातावर हवं झालं. यामिनीने एकामागून एक अशी ती अवाढव्य इमारत प्रत्येकाच्या हातावर ठेवून दिली. शेवटच्या काकूंचा फोटो झाला आणि ती वळून निसटणार, तर शिट्टी वाजली आणि कौतुकाने भारावलेल्या मंडळींनी तिला अक्षरशः उचलून बसमध्ये घातलं.

लंच एका तळघरात होतं. बाहेर इटालियन लोक उन्हात टेबलं मांडून काय काय सुंदर खात होते. त्यांच्या अंगावरून ही पिवळी मिरवणूक जिना उतरून खाली गेली. खाली जिऱ्याच्या फोडणीचा वास होता. पनीर, वरण, भात, पापड आणि गुलाबजाम. यामिनीने पॉटलकमधल्या आपल्या प्रतिज्ञेचं स्मरण केलं, डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा वरण वाढून घेतलं. सकाळपासून पोटात त्या टोपणभर कॉफीशिवाय काही नव्हतं. तत्त्वं असतात, पण ती जेवून झाल्यावर जास्त चांगली सांभाळता येतात.

जगप्रसिद्ध मोठं चर्च बसमधूनच झालं. ते डाव्या बाजूला होतं. उजवीकडच्यांनी तक्रार केली तेव्हा राजाराम म्हणाला, "उजवीकडच्यांनी उद्या डावीकडे बसायचं, म्हणजे सगळ्यांना न्याय!" उद्या फ्लॉरेन्स होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. यामिनी उजवीकडेच होती. तिला एका जाडजूड जोडप्याच्या डोक्यांमधून घुमटाचा एक तुकडा दिसला आणि तो तिने इमानदारीने पाहिला.

टूरचं हॉटेल शहराबाहेर, हायवेला लागून, टायरच्या दुकानाशेजारी होतं. लॉबीत एक ठेंगणीशी बाई बसली होती. नऊवारीसारखी वर खोचलेली पाचवारी साडी, खाली पांढरे बूट आणि गाल लाल झालेले. तिला पाहताच प्रतिमाकाकूंनी सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि यामिनीला तिच्यासमोर उभं केलं.

"ही बघ. दिवसभर तू होती ही."

नीलांबरीकाकूंनी यामिनीचे दोन्ही हात हातात घेतले. "कशी होते गं मी?"

"तुम्ही मोरेश्वरला झापलंत," यामिनी म्हणाली.

"अगबाई!" काकूंचे डोळे चमकले. "काय म्हणाले मी? सगळं सांग. नाही, थांब, आधी माझं ऐक, नाहीतर पोट फुटेल!"

आणि काकू सांगायला लागल्या. नदी ओलांडून त्या पलीकडच्या जुन्या वस्तीत शिरल्या होत्या. अरुंद बोळ, खिडक्यांवर वाळत घातलेले कपडे, आमच्या नाशकासारखं, त्या म्हणाल्या. मग पाऊस आला, रस्ता चुकला. एका न्हाव्याने हाक मारून त्यांना दुकानात घेतलं आणि केस कापायच्या खुर्चीत बसवलं. वरच्या मजल्यावरून त्याच्या म्हाताऱ्या आईने गरम सूप पाठवलं, मग ती स्वतःच उतरली आणि काकूंच्या साडीचा काठ चाचपून पाहिला. दोघी बराच वेळ बोलल्या, ती इटालियनमध्ये, काकू मराठीत, आणि दोघींनाही सुना होत्या हे दोघींना कळलं. तिथून निघाल्या तर एका चर्चमध्ये लग्न लागत होतं. काकू मागे उभ्या राहिल्या, त्यांना कुणीतरी पुढे नेऊन बसवलं. "शेजारी नवऱ्या मुलाची आजी रडत होती, मग मीही रडले. लग्नात रडायला भाषा कशाला लागते? नंतर सगळ्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले!" त्यांनी रुमाल सोडला. त्यात लग्नात वाटलेले, जाळीत बांधलेले साखरेचे बदाम होते.

यामिनीने त्यातला एक बदाम उचलून परत ठेवला. "काकू, हा दिवस माझा होता हो," ती म्हणाली. "न्यू जर्सीत मी सगळ्यांना सांगून आलेय. आता घरी जाऊन काय सांगू? तळघरात वरणभात खाल्ला?"

काकूंनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. "आणि मी मोरूला काय सांगू? त्याला प्रत्येक ठिकाणाचं सांगावं लागेल. मी तर कोलोझियम पाहिलंसुद्धा नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग लॉबीतल्या मशीनमधली कॉफी घेऊन त्या कोपऱ्यात बसल्या आणि आपापले दिवस बदलून घेतले. यामिनीने कोलोझियम, तळघर, घुमटाचा तुकडा, चिवडा, सगळं बारकाव्यांनिशी सांगितलं. काकूंनी न्हावी, सूप आणि लग्न यामिनीकडून पुन्हा एकदा घटवून घेतलं. यामिनीने मध्ये मध्ये प्रश्नही विचारले. सुपात काय होतं? घेवडा. नवरी कशी होती? उंच, आणि नवऱ्यापेक्षा जास्त बोलणारी. निघताना काकूंनी अर्धे बदाम यामिनीच्या पर्समध्ये टाकले.

घरी यामिनीने सांगितलेलं रोम भलतंच गाजलं. न्हाव्याच्या खुर्चीशी अनिकाने लॅपटॉप मिटला. लग्नातल्या रडण्याशी श्रीरामने चष्मा पुसला. पुढच्या पॉटलकमध्ये तिने बदाम काढून ठेवले, तेव्हा सगळे भोवती जमले आणि विनीता दुखावल्या स्वरात म्हणाली, "आम्हाला नाही हे दाखवलं."

यामिनीला थोडं खोटं वाटत होतं, पण सांगून सांगून ते सूप तिच्या जिभेवर आलं होतं, आणि नवरीचा चेहरासुद्धा आठवायला लागला होता.

कोजागिरीचा कार्यक्रम मंडळाने एका शाळेच्या कॅफेटेरियात ठेवला होता. नीलांबरीकाकू मोरेश्वरबरोबर तिथे आल्या. यामिनीने त्यांना लांबून पाहिलं, पण तिच्याआधी श्रीराम त्यांच्यापाशी पोचला होता. एक खुर्ची ओढून बसला होता आणि काकू सांगत होत्या. त्यांनी यामिनीचा दिवस अगदी शब्दशः पाठ केला होता, फक्त त्यातला वैताग तेवढा गाळला होता. बसमध्ये पाय कसे कोरडे राहतात, कोलोझियम तळहातावर कसं येतं, रोममध्ये गुलाबजाम कसे मिळतात, आणि प्रत्येक ठिकाणी डोक्यावर हात ठेवून आपल्याला किती प्रेमाने मोजतात! श्रीराम माना डोलावत होता. अशी व्यवस्था आपल्याला कशी सुचली नाही, असा भाव त्याच्या तोंडावर होता. मोरेश्वर शेजारी अभिमानाने उभा होता.

थोड्या वेळाने श्रीराम मसाला दुधाचे दोन ग्लास घेऊन यामिनीकडे आला. "मी एक काम केलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुर्मिळ असा हळवेपणा होता. "तू रोम इतकं सुंदर पाहिलंस, पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली होती. तुझ्या बोलण्यात कोलोझियम कधी आलंच नाही. बिचारी एवढी रोमला गेली आणि कोलोझियम हुकलं! त्या काकूंच्या टूरवाल्यांचा इथे स्टॉल आहे. आजच्या दिवस डिस्काउंट आहे. समरचं बुकिंग केलं. तू, मी, अनिका. नॉन-रिफंडेबल."

यामिनीने दुधाचा ग्लास जवळच्या टेबलावर ठेवून दिला. श्रीराम बाकीच्यांना बातमी द्यायला गेला. नीलांबरीकाकू हळूच तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मीही आहे गं त्या टूरला," त्या म्हणाल्या. "मोरूने काढलंय तिकीट. आईला फार आवडलं म्हणून."

"काकू, अहो काय केलंत हे!"

"काही घाबरू नकोस." काकूंनी दुधावरची साय बोटाने बाजूला केली. "या वेळी तू सटक. तुझ्या जागेचं मी बघते."

"पण श्रीराम शेजारी बसलेला असेल ना! त्याला दिसणार नाही का?"

काकूंनी हॉलच्या पलीकडे नजर टाकली. श्रीराम विनीताला बसची सीट कुठली घ्यावी ते समजावत होता. डाव्या बाजूची.

"त्याला मी आधीच सांगितलंय," काकू म्हणाल्या, "की मला ते मघाशी अर्धवट राहिलेलं डिशवॉशरमध्ये भांडी लावायचं शास्त्र बसमध्ये पहिल्यापासून नीट शिकव म्हणून. फ्लॉरेन्सपर्यंत त्याची मान काही वळत नाही."